समुद्रापलीकडून वरच्या वाडीला

आपल्या मॉरिशसच्या मराठी लोकांना कोकण ठाऊक आहे ते गाण्यांतून. गणपतीत झाकरी नाचताना ज्या गावांची नावं आपण घेतो, ती गावं आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिली असतील. मीही पाहिली नव्हती. आता आईच्या आजारपणासाठी सहा महिने इथे आले आहे आणि ज्या घरी चहाला जावं तिथे पहिला प्रश्न तोच असतो, "तिकडे कसं हाय गो?" प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी सुटून जातं. म्हणून एकदा लिहून काढते.

थोडं आधीचं सांगायला हवं. आपल्याकडच्या काळ्या नदीच्या सरकारी शाळेत मी सहा वर्षं लहान मुलांना शिकवलं. मग मराठीचा अभ्यास करायला दोन वर्षं पुण्याला गेले. तिथल्या वाचनालयात यशवंतची ओळख झाली. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि १९७७च्या दिवाळीनंतर मी त्याच्या गावी, महाडला राहायला गेले. यशवंत तिथल्या कचेरीत कारकून आहे. मला काम हवं होतं, आणि मला एकच काम येतं.

महाड

महाड चहूबाजूंनी डोंगरांत आहे. पहिल्या सकाळी मी दार उघडलं तर डोंगर नव्हतेच. नदीवरून उठलेलं धुकं दारापर्यंत आलं होतं, त्यातून कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजत गेली आणि सायकल काही दिसली नाही. मग ऊन चढत गेलं तसा एकेक डोंगर वरून खाली उघडा होत गेला. आधी माथा, मग झाडी, शेवटी पायथ्याची शेतं. नदीचं नाव सावित्री. भरतीचं पाणी गावाच्या खालपर्यंत चढतं असं सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी मुद्दाम काठावर जाऊन उभी राहिले. माझ्या ओळखीचं पाणी इतक्या आतपर्यंत मला शोधत आलंय असं वाटून गेलं.

यशवंतचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाडीत. घरात सासरे, म्हणजे आबा, सासूबाई आणि आम्ही दोघं. मी यशवंतला नावाने हाक मारते हे ऐकून शेजारच्या बायका खाली बघायच्या. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "बुतिकातून साखर आणते," तर त्यांनी विचारलं, "कशातून?" आपल्याकडे दुकानाला सगळेच बुतिक म्हणतात, तो मराठी शब्द नव्हे हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. पण त्यांनी ताटात नाचणीची भाकरी आणि परतलेलं सुकट वाढलं, तेव्हा मला काहीच विचारावं लागलं नाही. पहिल्या घासाला आपल्या परसातली चूल आठवली.

माणसं भेटली की विचारायची, "आडनाव काय तुमचं माहेरचं?" मी सांगायची, भिवाजी. "ते वडलांचं नाव झालं. आडनाव?" आता आपल्याला ठाऊक आहे की आपल्या बेटावर आडनावं अशीच आहेत. उसाच्या कामाला आलेल्या पणजोबांचं नाव गोऱ्या कारकुनाने कागदावर लिहिलं, तेच पुढे चार पिढ्यांचं आडनाव झालं. मी हे समजावून सांगे. लोक मान हलवत, पण त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालेलं नसे. त्यांना नक्की काय हवं होतं, ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

कचेरीतला बाक

महाडात जागा नव्हती. कुणीतरी म्हटलं, पोलादपूर तालुक्यात डोंगरातल्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत, तिकडे विचारा. मी माझी प्रमाणपत्रं घेऊन एसटीने गेले. शिक्षण खात्याच्या कचेरीतले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिले.

"हे फ्रेंचमध्ये आहे का?"

"हो. खाली इंग्रजीतही आहे."

"आपल्याकडच्या डी.एड.च्या बरोबरीचं आहे हे कोण ठरवणार? आणि तुम्ही भारताच्या नागरिक आहात का?"

"अजून नाय," मी म्हटलं.

"नाही म्हणा," ते हसून म्हणाले. "मुलांना शिकवायचं तर बोलणं शुद्ध हवं."

पुण्यातल्या दोन वर्षांत माझं 'नाय' बरंच मागे गेलं होतं, पण घाबरले की ते पुढे येतं. साहेबांनी कागद परत दिले आणि सांगितलं, अर्ज ठेवून जा, पण आशा ठेवू नका. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला चाळिशीचा एक माणूस बसला होता, टेरिकॉटची पँट, खांद्यावर टॉवेल, हातात अर्जांचं जाड पुडकं. आतलं बोलणं त्याने ऐकलं असावं.

"मॅडम, एक मिनट," तो म्हणाला. "तुमी मास्तरीन, तुमाला शाळा नाय. आमची शाळा हाय, तिला मास्तर नाय."

त्याचं नाव तुकाराम. मुंबईच्या गोदीत हमाली करायचा आणि त्याच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी होता. वाडीचं नाव नुसतंच वरची वाडी. मुंबईत राहणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून शाळेची एक खोली बांधली होती. सरकारने ती मंजूर करावी म्हणून तो दर वर्षी रजा काढून अर्ज द्यायला यायचा. मंजुरी येत नव्हती आणि मंडळाने ठेवलेला मास्तर दोन-तीन महिन्यांवर टिकत नव्हता.

"तुमी कुठल्या?"

"मॉरिशसची. बंदराचं नाव पोर्ट लुई."

तो जागेवरच जरा सरळ बसला. "त्या नावाच्या पेट्या मी बोटीत चढवल्यात," तो म्हणाला. "तिथं मानसं बी ऱ्हातात म्हनायची. नाव काय लिवू?"

"शारदा भिवाजी."

त्याने पुडक्याच्या मागे पेन्सिलीने ते लिहून घेतलं. असं मला काम मिळालं.

घरी आल्यावर मी ही हकिकत सांगितली. यशवंतने विचारलं, "आडनाव काय सांगितलंस?" मी सांगितलं. तो कंदिलाची काच पुसत राहिला.

वरची वाडी

महाबळेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला एसटी सोडते. तिथून पायवाट. मी पुण्यात घेतलेल्या उंच टाचेच्या चपला घालून गेले होते. पहिल्याच चढाला एकीची टाच निघाली, आणि उरलेली दीड तासाची वाट मी अनवाणी, हातात चपला धरून चढले. वर पोचले तेव्हा वाडीतली सगळी मुलं दगडी बांधावर ओळीने बसली होती. नव्या बाई हातात चपला घेऊन येताना त्यांना पहिल्यांदा दिसल्या.

वाडीत अठरा घरं. सगळी कष्टाची शेतकरी माणसं, उतारावर नाचणी-वरी करणारी. तरुण पुरुष बहुतेक मुंबईत. माझी सोय तुकारामच्या घरी होती, त्याच्या बायकोने, भागीरथीने, कुडाची पडवी शेणाने सारवून ठेवली होती. भागीरथी माझ्याहून थोडी मोठी, घरात ती आणि तिची लेक. कमी बोलायची.

त्या पडवीतल्या सकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. थंडीत खालची सगळी दरी धुक्याने भरून जायची. पांढरं, सपाट, काठापर्यंत भरलेलं. समोरच्या डोंगरांचे फक्त माथे वर राहायचे, आणि मला वाटायचं की मी बोटीच्या कठड्याला उभी आहे आणि लांबवर आपलं बेट दिसतंय. वारा सुटला की रानातून लाटांसारखा आवाज यायचा. भाकरीचा धूर धुक्यात मिसळायचा. मग सूर्य वर यायचा आणि बघता बघता समुद्र नाहीसा होऊन खाली शेतं दिसू लागायची.

शाळेत सव्वीस मुलं होती. गोणपाटावर बसायची. माझी भाषा त्यांना कधी अडली नाही. साहेबांनी मला जे शब्द सुधारायला सांगितले होते तेच ही मुलं बोलत होती. पण पुस्तकातलं मराठीही यायला हवं, म्हणून आम्ही रोज सकाळी 'ण' म्हणायचा सराव करायचो, मी आणि ती सव्वीस जणं मिळून. लोणी, कणीस, अंगण. तो जीभ मागे वळवून म्हणायचा आवाज माझ्यापेक्षा मुलांना लवकर जमला.

भूगोलाच्या तासाला मी अंगणात खड्यांनी आपलं बेट मांडलं. पोलादपूरहून समुद्र लांब नाही, पण त्यातल्या एकाही मुलाने तो पाहिला नव्हता. सुमन नावाची तिसरीतली मुलगी बराच वेळ खड्यांकडे बघत होती.

"बाई, त्याला पलीकडचा काठ असतो?"

"असतो. तिकडे माझी आई आहे."

"मग ती दिसत कशी नाय?"

मी आणखी एक खडा उचलत होते. तोवर दुसऱ्या मुलीने सांगून टाकलं, "धुकं असेल."

वाडीने माझे फार लाड केले असं मी तेव्हा आईला लिहिलं होतं. ते पत्र परवा आईच्या पेटीत सापडलं. मी लिहिलं होतं, 'इथे शिक्षकाला इतका मान आहे की मला पाणी भरू देत नाहीत. मी उठायच्या आत भरलेला हंडा पडवीत असतो. मी कळशी उचलली तर मुली हातातून घेतात. जेवायला मला वेगळं ताट दिलंय, ते माझ्याच पडवीत राहतं. पाणी वरून ओततात, भांड्याला भांडं लावत नाहीत, इतकी स्वच्छता.' झरा वाडीच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या झाडाखाली होता. चार महिने मी तो लांबूनच पाहिला.

तळ्याकाठी

शनिवारी दुपारी मी डोंगर उतरून महाडला यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. मार्चमधल्या एका शनिवारी जेवताना मी हे सगळं कौतुकाने सांगत होते. वरून ओतलेल्या पाण्याची गोष्ट आली आणि यशवंतचा हात ताटातच थांबला.

"कधीपासून असं?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

सासूबाई उठून आत गेल्या. आबा भाकरी मोडत होते. ते यशवंतला म्हणाले, "हिला सांगितलं नायस काय रे?"

हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. यशवंतने पुण्यात असतानाच सांगितलं होतं की त्याच्या माणसांना कुठे पाणी मिळत नसे, कुठे उभं करत नसत. पण मी ते फार पूर्वीच्या, होऊन गेलेल्या गोष्टीसारखं ऐकलं होतं. आपल्या बेटावर आपण सगळे नुसते मराठी. पणजोबांची जात बोटीच्या यादीत लिहिलेली असेलही, पण ती यादी काढून बघावी असं आपल्या घरात कुणाला सुचलं नाही.

"तुझी जात त्यांना कळली नाही," यशवंत हळू म्हणाला. "म्हणून कळेपर्यंत तुला लांब ठेवलंय. माझं आडनाव सांगितलं असतंस तर त्यांनी तुला वर नेलंच नसतं. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. तुला काम हवं होतं."

आमचं लग्न झाल्यापासून मी त्याच्यावर इतकी कधी रागावले नव्हते. राग त्याच्यावर होता की त्या पत्रातल्या माझ्या आनंदावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी वीस मार्च होता, सत्याग्रहाचा दिवस, दर वर्षी त्या दिवशी चवदार तळ्यावर मोठी गर्दी असते. आबा म्हणाले, "उद्याच जाऊ, शांत असतंय." रविवारी सकाळी ते मला घेऊन गेले. माझ्या मनात काहीतरी भव्य होतं. प्रत्यक्षात गावातलं एक तळं, घरांच्या मध्ये, चारी बाजूंनी बांधलेलं, पाणी हिरवट. पायऱ्यांवर ऊन होतं. बाहेरगावाहून आदल्या दिवशीच आलेली एक म्हातारी पाण्यात पाय सोडून स्वस्थ बसली होती, आणि दोन लहान मुली पाण्यात आपली तोंडं बघत होत्या. आम्ही पायरीवर बसलो.

"मी अठरा वर्षांचा होतो," आबा म्हणाले. "जवळच्या नाते गावाहून चालत आलो होतो, मामाबरोबर. सगळे रांगेनं आले नि खाली उतरले. मी बी उतरलो. ओंजळ भरली नि प्यालो."

"चव कशी होती?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. "नाय आठवत. ओंजळीतलं निम्मं सांडलं. तेवढं आठवतं. मग गावात मारामारी झाली, मामाचं डोकं फुटलं. त्यो घरी आला नि आईला म्हनाला, पानी प्यालो."

पाण्यावर ऊन हलत होतं. ते मला म्हणाले, "तुला तुझा पणजा कोन ते ठावं नाय. त्ये बरंच हाय एका परीनं. पन आता तू कोनाची हायस त्ये तुला ठावं हाय."

मी काय करावं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी फळीवरची पितळेची कळशी उतरवली, चिंचेने घासली, आणि माझ्या पिशवीजवळ ठेवली.

झरा

सोमवारी मी महाडलाच राहिले, मंगळवारी वाडीत पोचले. भागीरथी भाकऱ्या थापत होती. मी चुलीपासून लांब, रोजच्या जागी बसले आणि सांगितलं, "माझ्या यजमानांचं घर महाडच्या बौद्धवाडीत आहे. उद्यापासून पाणी मी स्वतः आणणार."

तिने भाकरी उलटली. "सांगितलं नसतं तरी चाललं असतं, बाई."

"मला नसतं चाललं."

ती भाकरीच्या कडांवरून बोट फिरवत राहिली. "मी नको म्हननार नाय," ती शेवटी म्हणाली. "पन या म्हनून बी नाय म्हननार. माझी तेवढी ताकद नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन जांभळीखाली गेले. पाचसहा बायका होत्या, त्यांना रात्रीतच कळलं होतं. कुणी ओरडलं नाही. त्यांनी आपापली भांडी उचलली आणि बाजूला झाल्या. दगडाच्या खोबणीतून पाणी येत होतं, हाताएवढी धार, फार थंड. कळशी भरायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. मी निघाल्यावर मागे कुणीतरी दगडावर पाणी मारून तो धुतल्याचा आवाज आला. मी मागे पाहिलं नाही. माझंही पाणी वाटभर सांडत गेलं.

त्या दिवशी शाळेत चार मुलं आली. दुसऱ्या दिवशी तीन. मी रोज दार उघडत होते, फळ्यावर तारीख लिहीत होते. सुमन येत होती. ती कुणाला विचारून येते असं मी विचारलं तर म्हणाली, "कोनालाच नाय इचारलं."

शिमगा

शिमग्याला मुंबईची माणसं आली. ढोल वाजू लागले, आणि संध्याकाळी मुलांनी जाखडी धरली. गोल रिंगण, पायांत चाळ, तीच आपली झाकरी. तोच पाय, तीच गिरकी. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. आपल्या गावच्या रिंगणात लहानपणी मी नाचले होते आणि इथे मला कुणी या म्हणत नव्हतं. अर्धवट झोपेत आपल्याच घराबाहेर उभं असावं तसं ते होतं.

मंडळाची बैठक शाळेच्या ओटीवर भरली, कारण तेवढी मोठी जागा दुसरी नव्हती. मी आत पाट्या पुसत बसले होते, दार उघडंच होतं. तुकाराम आधी माझ्याकडे आला. तो रागावला होता.

"बाई, तुमी मला आडनाव सांगितलं नाय."

"जे सांगितलं ते माझं आडनाव आहे. यजमानांचं तुम्ही विचारलं नाही."

"विचारायला पायजे होतं," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

बाहेर एक म्हातारे गृहस्थ बोलत होते की दुसरी बाई बघा, ही नको. बऱ्याच जणांनी हुंकार भरला. मी पाट्या एकावर एक रचत होते आणि मनात सामान बांधत होते. मग तुकारामचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता.

"गोदीत नळ एकच हाय. त्याच्यावर तुमी पिता, मी पितो, समदे पितात. तिथं कोनी कुनाला इचारलंय?"

"ती मुंबई रे," म्हातारे म्हणाले. "हितं देव हायत."

"देव मुंबईला बी हायत. मास्तर पाच झाले, तात्या. कोन टिकला? ही चपला हातात घेऊन चढली नि चार महिने ऱ्हायली. माझी पोरगी मला आता कागद लिवते, माझ्यापरीस बरं अक्षर हाय तिचं."

हो-नाही काहीच ठरलं नाही. बैठक तशीच उठली. शिमगा संपला, माणसं मुंबईला गेली, तुकारामही गेला. जाताना माझ्याकडे न बघता पायवाट उतरला.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन निघाले तर भागीरथी आपली घागर घेऊन दारात उभी होती. आम्ही दोघी चढून गेलो. जांभळीखाली बायका होत्या, त्या बाजूला झाल्या. मी कळशी भरली आणि उचलली. भागीरथीने दगड धुतला नाही. तिने घागर लगेच त्याच धारेखाली धरली, आणि ती भरेपर्यंत सगळ्यांच्या समोर उभी राहिली. परतताना तिने एवढंच म्हटलं, "घागर जड हाय आज."

त्या दिवशी घरी तिने माझं ताट पडवीतून उचलून आत नेलं.

पुढच्या आठवड्यात मुलं परत येऊ लागली, दोन, पाच, अशी. तेवीसवर आकडा थांबला. तीन मुलं एकाच घरातली, म्हाताऱ्या तात्यांची नातवंडं, ती शेवटपर्यंत आली नाहीत. दगड धुणाऱ्याही दोघी-तिघी राहिल्याच.

जून

मे महिन्यात कचेरीतून पत्र आलं. हजेरी बघून सरकारने शाळा मंजूर केली होती. मी पोलादपूरला गेले तेव्हा साहेबांनी उठून अभिनंदन केलं आणि मग जरा अवघडून म्हणाले, "बाई, आता ती सरकारी शाळा झाली. नेमणूक नियमानेच करावी लागेल." म्हणजे शाळा मिळाली म्हणून माझं काम गेलं. मी हसले, आणि माझं हसू बघून साहेबही हसले. त्यांनीच मग महाडच्या एका बालवाडीला चिठ्ठी दिली. मी आता तिथे शिकवते, सध्या रजेवर आहे. चार-पाच वर्षांची मुलं आहेत, त्यांना नाय आणि नाही दोन्ही चालतं.

जूनमध्ये मी नव्या शिक्षकाला शाळा सोपवायला शेवटची वर गेले. रानाला कोवळा हिरवा रंग आला होता आणि ढग इतके खाली होते की वाट दहा पावलांपलीकडे दिसत नव्हती. तो आधीच येऊन पायरीवर बसला होता. बावीस वर्षांचा मुलगा, पत्र्याची ट्रंक, नवे बूट चिखलाने भरलेले. नाव मिलिंद. गाव नाते, आबा जिथून चालत आले होते तेच. नाव आणि गाव ऐकल्यावर मी पुढे काही विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. त्याला सगळं ठाऊक असावं, कारण त्याने मला हळूच जयभीम केला.

मी त्याला हजेरीपुस्तक दिलं, खडूंचा डबा दिला, कोणतं मूल कुठे अडतं ते सांगितलं. सुमनला फार प्रश्न पडतात, तिला थांबवू नका, असंही सांगितलं. त्याने सगळं वहीत लिहून घेतलं. मग वही मिटली, बाहेर ढगांकडे बघितलं आणि खाली मान घालून विचारलं,

"बाई, इथं पाणी कुठून घेता?"

मी कोपऱ्यातली माझी कळशी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"चला," मी म्हटलं, "दाखवते."